भरलेली मान, दुखरी टाप

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. माळेगाव नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात; पण पालम तालुक्याला ते परके नाही, शेजारचेच. यात्रेतल्या घोडेबाजारात जनावर पारखण्याची रीत ठरलेली आहे. दात पाहून वय, भोवरे पाहून शुभाशुभ, चालवून पाहून रग. आणि मान. आयाळीखाली जाडजूड, कमानदार, थोडी एका अंगाला झुकलेली मान असली की बघे थांबतात. टाप मात्र उचलून क्वचितच कोणी पाहतो.

त्या मानेत काय भरलेले असते, हा या लेखाचा प्रश्न आहे. मी पशुवैद्य नाही. वाचून, विचारून, घोडेवाल्यांबरोबर बसून जे समजले ते मांडतो आहे. कमावलेला स्नायू आणि साठलेली चरबी यांत फरक असतो. मानेचा वरचा काठ हाताने हलवला तर स्नायू घट्ट लागतो. चरबी रबरासारखी लागते, कधी गाठाळ. तशीच चरबी खांद्यामागे, शेपटीच्या मुळाशी आणि डोळ्यांवरच्या खळग्यांत जमत असेल, तर घोडा ‘खाऊन-पिऊन सुखी’ आहे असे म्हणून गप्प बसू नये. असा घोडा आजारी असेलच असे नाही, पण तपासण्याजोगा नक्कीच असतो.

या आजाराला इक्वाइन मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. हे नाव २००२च्या सुमारास पशुवैद्यकात रुजले. त्याआधी अशा लठ्ठ घोड्यांवर ‘थायरॉइड कमी’ असा शिक्का सर्रास मारला जाई. रक्तात थायरॉइडचे आकडे खरोखरच कमी येत. पण घोड्यात दुसरा कोणताही आजार किंवा फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक औषधही ते आकडे खाली आणते. मूळ दोष इन्सुलिनच्या कारभारात असतो. धान्य-साखर पोटात गेली की काही घोड्यांच्या रक्तात इन्सुलिनचा पूर येतो आणि तो लवकर ओसरत नाही.

इथे माणसाच्या मधुमेहाची उपमा फसवते. घरातले साखर मोजण्याचे यंत्र घोड्यावर वापरून ‘शुगर नॉर्मल आहे’ असा निर्वाळा देणारे भेटतात. घोड्याची साखर बहुतेक वेळा नॉर्मलच असते, कारण ती तशी ठेवण्यासाठी स्वादुपिंड दामदुप्पट इन्सुलिन ओतत असते. म्हणून मोजायचे ते इन्सुलिन.

जास्तीच्या इन्सुलिनने बिघडते काय? टाप. खुराच्या आत एक हाड असते, आणि ते खालून टेकलेले नसून खुराच्या भिंतीला आतून टांगलेले असते. भिंत आणि हाड यांच्यामध्ये पुस्तकाच्या पानांसारख्या साडेपाचशे-सहाशे नाजूक पडद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांची पकड सैल झाली की साऱ्या अंगाचा भार हाडाला खाली ओढतो. हाच लॅमिनायटिस. मग घोडा पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभा राहतो, वळताना कण्हतो, दगडी जागेवर पाय टाकायला धजत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००७ मध्ये निरोगी तट्टांच्या शिरेतून इन्सुलिन सोडले आणि रक्तातली साखर नेहमीइतकीच राखली. चारा तोच, ताप नाही, पोटाचा विकार नाही. तरी बहात्तर तासांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. दोष इन्सुलिनचाच, हे त्याने पक्के झाले. बाकी चंदी आणि टाप यांचा संबंध माणसाला फार पूर्वी दिसला होता. ग्रीक सेनानी झेनोफोन याने घोड्याला जव जास्त झाल्याने होणाऱ्या विकाराचा उल्लेख केला आहे, आणि त्याला आता तेवीस शतके उलटून गेली.

आपल्याकडचे तट्टू यात अडकण्याचे कारण समजायला अवघड नाही. भीमेच्या थडीवरची दख्खनी घोडी मराठ्यांच्या फौजांना चालली, ती चाऱ्याच्या चैनीवर नव्हे. थोड्यात भागवणे, मिळेल तेव्हा साठवणे, दुष्काळात टिकणे हा त्या जनावराचा गुण. परदेशातही काटक तट्टांच्या जातींतच हा विकार अधिक आढळतो. आता तेच अंग वर्षातले बरेच महिने खुंट्याला बांधलेले असते. लग्नसराईत वरातीपुढे नाचणे एवढेच काम. तोबऱ्यात हरभरा, गहू, वर कौतुकाचा गूळ. गंगाखेड-पालम पट्ट्यात ऊस तुटू लागला की वाढे फुकटच्या भावाने मिळते, तेही पुढ्यात पडते. दुष्काळासाठी घडलेल्या देहाला रोजची दिवाळी.

दुसरा विकार म्हाताऱ्या घोड्यांचा, साधारण पंधरा वर्षांपुढचा. मेंदूच्या बुडाशी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्या मधल्या भागाला आवर घालणारे, डोपामीन सोडणारे मज्जातंतू वयाबरोबर झिजतात आणि तो भाग मोकाट सुटतो. एसीटीएच आणि इतर संप्रेरके वाहू लागतात. हार्वे कुशिंग या शल्यविशारदाने १९३२ मध्ये वर्णिलेल्या माणसाच्या आजाराचे नाव याला चिकटले; पण माणसात बिघाड सहसा ग्रंथीच्या पुढच्या भागात असतो, घोड्यात मधल्या. लक्षणे उलट दिशेची: पाठीचा स्नायू गळतो, पोट सुटते, पाणी-लघवी वाढते, जखमा चिघळतात, उन्हाळा आला तरी थंडीचे केस झडत नाहीत. टाप याही विकारात बिघडू शकते, विशेषतः इन्सुलिनही चढले असेल तर.

मात्र आपल्या मुलखात वाळलेला म्हातारा घोडा दिसला की थेट संप्रेरकांकडे धावू नये. आधी तोंड उघडून दाढा पाहाव्यात. टोकदार दाढांमुळे चारा अर्धवट चावला जातो. लिदीत जंत तपासावेत. आणि चाव्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा: थांबून थांबून येणारा ताप, पायांवर आणि पोटाखाली सूज, रक्त कमी होणे. त्याचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स याने १८८० मध्ये पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात शोधला. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची चाचणी होते. हे वगळून पुढे जाणे म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही वाया.

पुढची पायरी रक्ताची, आणि तिथे खरी कसोटी नमुन्याची असते. एसीटीएचसाठी रक्त ईडीटीएच्या, जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यावे लागते, लगेच गार ठेवावे लागते आणि त्यातला प्लाझ्मा वेळेत वेगळा करावा लागतो. बर्फाच्या थर्मासशिवाय पालमहून निघालेली नळी भर उन्हात परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दारी पोचली, तर आकडा खोटा येणार. टेम्पोतून लांबचा प्रवास करून आलेला किंवा पाय दुखून तडफडणारा घोडा त्याच दिवशी तपासू नये. ताण आणि वेदना एसीटीएच व इन्सुलिन दोन्ही चढवतात. गुंगीचे इंजेक्शन रक्त काढण्याआधी नको, नंतर. इन्सुलिनसाठी सकाळची चंदी बंद, साधा चारा चालेल. शंका उरली तर ठरलेल्या मापाने साखरेचा पाक पाजून तासा-दीड तासाने पुन्हा रक्त घेतात; उपाशीपोटी लपलेला दोष त्यात उघडा पडतो.

आणखी एक गोम. दिवस लहान होऊ लागले की निरोगी घोड्याचेही एसीटीएच चढते. पुस्तकांतले ऋतुवार तक्ते बहुतांशी थंड मुलखातले, जिथे उन्हाळी दिवस सोळा तासांचा आणि हिवाळी आठांचा. पालम एकोणीस अंशांच्या आसपास. इथे लहानमोठ्या दिवसांत दोन-सव्वादोन तासांचेच अंतर. तो तक्ता इथे जसाच्या तसा लावू नये. एकाच घोड्याचे वेगवेगळ्या महिन्यांतले आकडे शेजारी ठेवून पाहणे शहाणपणाचे.

उपचारात मालकाचा हात सर्वांत मोठा. गूळ, गहू, वाढे बंद. वाळलेले गवत तासभर पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून टाकून द्यावे. विरघळणारी साखर बरीच निघून जाते. मात्र लठ्ठ घोड्याला एकदम उपाशी ठेवू नये, चरबी रक्तात उतरून यकृत बसते. टाप शांत झाल्यावर रोज चाल. पीयूषिकेच्या विकारावर परगोलाइड हे औषध आहे, ते आयुष्यभर द्यावे लागते. माणसाच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या घोड्याच्या आतड्यातून फार थोड्या शोषल्या जातात, त्यांच्या भरवशावर चंदी चालू ठेवू नये. नालबंद मात्र महिना-दीड महिन्याने हवाच.

खुराची भिंत महिन्याला साधारण सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडी कमी वाढते. त्यामुळे टापेच्या पुढच्या बाजूवर सुमारे वर्षाची नोंद असते. पुढे दाटीवाटीने आणि टाचेकडे पसरत गेलेली वलये दिसली, तर मधल्या काळात हा घोडा दुखण्यातून गेला आहे, विकणारा काहीही सांगो. चंदी सुधारल्यावर वरून येणारा खूर सरळ, गुळगुळीत उतरू लागतो, आणि जुन्या-नव्याच्या सीमेवरची ती रेघ महिन्यागणिक खाली सरकताना बोटाने मोजता येते.