मे महिन्यातला रूबार्बचा वाफा

पहाटे साडेपाच. लीड्समध्ये मे महिन्यात या वेळेला लख्ख उजाडलेलं असतं. ऊन चढायच्या आत, आंबट देठांसाठी लावलेल्या रूबार्बची रुंद पानं उचलून खाली दडलेल्या गोगलगायी वेचायच्या.

सहा वाजता काढणी. इथे घाई नको. देठ सुरीने कापायचा नाही. बुंध्याशी बोट सरकवून जरासा पिळायचा आणि बाहेरच्या बाजूला ओढायचा. मग तो तळच्या फिक्या गुलाबी टोकासकट अलगद सुटतो. कापला तर खुंट मागे राहतो, सडतो आणि सड खाली गड्ड्यात उतरते. झाड कितीही जोमदार असो, निम्मे देठ त्याच्यावर ठेवायचेच. पानं तिथेच छाटून कंपोस्टमध्ये. त्यांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं, ती खायची नसतात.

आठ वाजता फुलदांडे. माझी झाडं व्हिक्टोरिया जातीची, फुलायला उतावळी. पानांमधून जाड, गाठाळ कळा वर आला की बुडापासून काढून टाकायचा, नाहीतर झाडाची ताकद बियांत जाते.

दहाला पाणी आणि शेणखत. खत झाडाभोवती पसरायचं. गड्ड्याच्या डोक्यावर पडलं तर कोंब कुजतात. इथून जवळच, वेकफिल्ड, मॉर्ली, रॉथवेलच्या पट्ट्यात, शेतकरी रूबार्बला लोकर गिरण्यांचा कचरा घालत, कारण त्यातला नायट्रोजन हळूहळू सुटतो. तिथे शेतात वाढवलेले गड्डे हिवाळ्यात अंधाऱ्या, उबदार शेडमध्ये नेतात आणि मेणबत्तीच्या उजेडात देठ काढतात. २०१० साली त्या रूबार्बला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. चव नाजूक खरी, पण त्या एका हंगामात गड्डा पार रिता होतो आणि फेकावा लागतो. घरच्या वाफ्यातला गड्डा दहा वर्षं सहज टिकतो, तो आपण हात आखडता घेतला तरच.

दुपारी आमटी. चिंचेऐवजी रूबार्बचे तुकडे, गूळ थोडा जास्त.

संध्याकाळी ओळखीच्या एक ताई वाफ्यावर आल्या. "गड्डा फोडून दे ना!"
"आत्ता नको, ताई. नोव्हेंबरात पानं वाळली की कुदळीने फोडू. प्रत्येक तुकड्याला एक तरी डोळा हवा. आणि पहिल्या वर्षी एकही देठ काढायचा नाही हं."

तुमच्याकडे जुनं झाड असेल तर जूनअखेर काढणी थांबवा. त्यानंतरची पानं गड्ड्यासाठी सोडा. पुढच्या वसंतातले देठ त्यांच्याच जोरावर येतात.