आम्लवायूंचे बंधन आणि विमोचन

भूगर्भातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूबरोबर पुष्कळदा हायड्रोजन सल्फाइड व कार्बन डायऑक्साइड हे दोन वायू येतात. ओलाव्याशी संबंध येताच दोन्ही आम्लधर्मी होतात व पोलादी नळांची झीज करतात. पहिला तर प्राणघातकही आहे. आम्ल पकडावयाचे तर अल्कली हवा, हे उघड आहे. परंतु कॉस्टिक सोड्यासारखा प्रबल अल्कली धरलेला वायू सहजासहजी सोडीत नाही. त्यामुळे सोडा सतत खर्ची पडतो आणि लवणयुक्त टाकाऊ पाणी साचत जाते. तेव्हा खरा प्रश्न वायू धरण्याचा नसून तो सोडविण्याचा आहे.

या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर अमेरिकेतील रॉबर्ट रॉजर बॉटम्स यांनी दिले. त्यांच्या पद्धतीस १९३० मध्ये पेटंट मिळाले. अमोनियातील हायड्रोजनची जागा कार्बनयुक्त गटाने घेतली म्हणजे अमाइन तयार होते. या पद्धतीत वापरली जाणारी अमाइने दुर्बल अल्कली होत. थंड असताना ती आम्लवायूस बांधून ठेवतात आणि तापविली असता मुक्त करतात.

कारखान्यात या क्रियेसाठी दोन मनोरे असतात. पहिल्यात वायू खालून वर चढतो व सुमारे ४०° सेल्सिअस तापमानाचे अमाइन-द्रावण वरून खाली उतरते. आम्लवायूंनी भरलेले हे द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात जाते. तेथे दाब कमी व तापमान ११० ते १२० अंशांपर्यंत असते. वायू सुटतात आणि रिते झालेले द्रावण आपली उष्णता येणाऱ्या द्रावणास देऊन पहिल्या मनोऱ्याकडे परतते.

अमाइनाची निवड मात्र सोपी नाही. मोनोइथॅनॉलअमाइन कार्बन डायऑक्साइडशी कार्बामेट बनविते. हे बंधन त्वरित जुळते, पण तोडण्यास पुष्कळ उष्णता लागते. मिथिलडायइथॅनॉलअमाइनातील नायट्रोजनला हायड्रोजन जोडलेला नसल्याने कार्बामेट बनू शकत नाही. कार्बन डायऑक्साइडला पाण्याच्या द्वारे बायकार्बोनेटचे रूप घ्यावे लागते, आणि ही क्रिया मंद असते. हायड्रोजन सल्फाइडचा प्रोटॉन मात्र तत्क्षणी स्वीकारला जातो. या वेगभेदामुळेच मिश्रणातून हायड्रोजन सल्फाइड निवडून काढता येतो.

सुटलेल्या वायूंचे पुढे काय, हा प्रश्न उरतोच. हायड्रोजन सल्फाइडपासून क्लाउस-प्रक्रियेने गंधक मिळते. कार्बन डायऑक्साइड बहुधा हवेत सोडला जात असे. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रातील वायूत तो सुमारे ९ टक्के होता, आणि विक्रीसाठी मर्यादा २.५ टक्क्यांची होती. नॉर्वेने १९९१ मध्ये त्याच्या उत्सर्जनावर कर बसविला. परिणामी १९९६ पासून अमाइनाने वेगळा केलेला हा वायू समुद्रसपाटीखाली सुमारे १,००० मीटर खोल वालुकाश्मात भरला जाऊ लागला.

कोळशाच्या वीजकेंद्रांतील धुराड्यांना हीच पद्धत लावताना मूळचा प्रश्न अधिक तीव्र होतो. तेथे धुराचा दाब अल्प असल्याने बळकट पकडीचे अमाइन लागते; आणि मोनोइथॅनॉलअमाइन वापरल्यास एक टन कार्बन डायऑक्साइड मुक्त करण्यास सुमारे ३.५ ते ४ गिगाज्यूल उष्णता खर्चावी लागते. ही उष्णता वीजकेंद्राच्याच वाफेतून घेतल्यास तेवढी वीज घटते. बंधन पुरेसे दृढ, तरी सहज सुटणारे असावे, हीच या संशोधनाची कसोटी होय.