छावणीतील वासरांचा निवारा

दुष्काळ म्हटला म्हणजे चैत्र-वैशाखाची धग डोळ्यांपुढे येते. परंतु पाऊस आश्विनातच दगा देऊन जातो, आणि छावणीत आलेल्या गुरांस पौष-माघाच्या रात्रीही तेथेच काढाव्या लागतात. सन २०१२-१३ च्या अवर्षणात सोलापूर जिल्ह्यातील सांगोला व मंगळवेढा या तालुक्यांत अशा छावण्या पडल्या होत्या. उघड्या माळावर पहाटेचा पारा कधीकधी दहा अंशांच्या खाली उतरतो. खिलार जनावर काटक खरे. पण नुकत्या जन्मलेल्या वासरास पंधरा अंशांखालीच ऊब टिकविण्याकरिता अंगची शक्ती खर्चावी लागते. आईच अर्धपोटी असेल तर ती शक्ती यावयाची कोठून?

म्हणून धनी मायेपोटी वासराभोवती चोहोबाजूंनी ताडपत्री आवळून बांधतो. येथेच घात होतो. कोरड्या व निवाऱ्याच्या जागी वासरू थंडी पुष्कळ सोसते. कोंडलेली हवा मात्र त्यास सोसत नाही. मुतापासून अमोनिया वायू सुटतो, श्वासाची वाफ छतास लागून खाली ठिबकते, रोगजंतू त्याच हवेत फिरत राहतात, आणि फुफ्फुसे सुजतात. उभ्या माणसास हे उमगत नाही. वासराच्या उंचीवर बसून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर आडोसा सैल करावा.

हिवाळी वारा आमच्याकडे बहुधा पूर्वेकडून व ईशान्येकडून येतो. त्या अंगास वासराच्या डोक्याच्या थोडा वर येईल इतकाच पोत्यांचा किंवा तुरकाठ्यांचा कूड घालावा, आणि छपराखालची फट मोकळी ठेवावी. दमट हवा वर चढून तेथून निघून जाते. वासराच्या अंगावर झोत येत नाही. दक्षिणेची बाजू उन्हासाठी उघडी बरी.

अंथरुणाचा प्रश्न अधिक बिकट. कडबा खावयासच पुरत नाही, तो खाली कोण घालील? उसाचे पाचट त्या कामी चालते. बसलेल्या वासराचे पाय झाकले जातील इतका थर असावा. त्यावर गुडघा टेकून पाहावा. धोतर ओले झाले तर पाचट बदलावे. एवढे करूनही वेळेवर चीक मिळाला नाही तर सारे व्यर्थ. कारण रोगाशी झगडण्याची शक्ती वासरू पोटातून घेऊन येत नाही, ती चिकातूनच मिळते. तो पहिल्या दोन-चार तासांतच पाजावा.

तरी दात्यांस विनंती की, छावणी पडेल तेव्हा चाऱ्याबरोबर पाचट व रिकामी तागाची पोतीही पाठवावीत. पोत्यास दोऱ्या लावून ते पाठीवर बांधिले की वासरास रात्रीची झूल होते. सकाळी मात्र ते सोडून उन्हात वाळवावे.