कुस्ती पाहावी कशी?

श्रोतेहो, चैत्र लागला की आपल्या शिरूर, खेड, आंबेगाव या तालुक्यांत गावोगावच्या यात्रा सुरू होतात. देवाचा अभिषेक होतो, पालखी निघते, आणि उन्हे कलली की कुस्त्यांचा हगामा भरतो. हलगी कडाडू लागते. आधी रेवड्यांवर लहान पोरांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस मावळताना मानाची शेवटची कुस्ती. पाबळपासून राजगुरुनगरपर्यंत, नाहीतर खाली शिक्रापूरपर्यंत कोठेही जा, हा शिरस्ता सारखाच.

हजारो डोळे त्या लाल मातीकडे लागलेले असतात. पण घरी जाताना एखाद्याला विचारावे, "का हो, शेवटची कशी झाली?" तर उत्तर येते, "काय नाय, उचलला अन् आपटला." आपटला हे खरे, पण कसा आपटला, आधी कुणाची पकड बसली, कुणाचा पाय चुकला, हे त्याला सांगता येत नाही. कारण आपण बहुधा कुस्तीचा शेवट पाहतो. शेवट एका क्षणाचा असतो, आणि तो घडतो त्याच्या आधीच्या पाच-सहा हालचालींतून. त्या हालचाली पाहायला शिकणे फारसे अवघड नाही. आज तेच आपण थोडे समजून घेऊ.

पहिली गोष्ट पाहायची ती पाय. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली, की सगळ्यांची नजर हातांकडे जाते. आपण पायांकडे पाहावे. कोणता पाय पुढे आहे? भार टाचेवर आहे की चवड्यावर? ज्याचा भार टाचेवर गेला, तो मागे रेटला जातो आहे असे समजावे. ज्याचा पुढचा पाय फार पुढे आला, त्याचा पट निघण्याची वेळ जवळ आली.

दुसरी गोष्ट पकड. दोघांनी एकमेकांच्या मानेवर हात टाकले की दोघे सारखेच दिसतात. पण नीट पाहा, कुणाचा हात आतून आहे आणि कुणाचा बाहेरून. आतून हात असणारा दुसऱ्याला वळवू शकतो, बगलेखाली शिरू शकतो. बाहेरून हात असणारा बहुधा नुसता अडवत असतो. पाच मिनिटे चाललेल्या खडाखडीत "काहीच घडत नाही" असे आपण म्हणतो, तेव्हा खरी झटापट या आतल्या जागेसाठी चाललेली असते.

तिसरी गोष्ट, खाली गेल्यावर कंबर आणि कोपर. वरचा पैलवान आपली कंबर खालच्याच्या कमरेवर आणतो की पाठीवर उंच चढून बसतो? उंच चढलेला घसरतो. खालच्याने कोपरे अंगाशी आवळली आहेत की उघडी टाकली आहेत? उघड्या कोपरातून हात शिरतो, आणि मग घिस्सा, भारंदाज यांना वाट मिळते.

चौथी गोष्ट दम. तोंड उघडे पडले, हात गुडघ्यावर गेले, लंगोट सावरण्याच्या निमित्ताने वेळ काढणे सुरू झाले, की निकाल जवळ आला म्हणून समजा.

एवढे पाहायला आले तरी अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे म्हणजे नियम. यात्रेच्या हगाम्यात एकच नियम असतो: पाठ लावायची. चीत झाली तर निकाल, नाहीतर बरोबरीत सोडवून इनाम वाटून द्यायचे. तिथे पोटावर घट्ट पडून राहणारा पैलवान अर्धा तास काढू शकतो. गादीवर तसे नाही. तिथे तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा घेतला तर 2 गुण. रिंगणाबाहेर ढकलला तर 1. उभ्या स्थितीतून असा टाकला की पाठ धोक्यात आली, तर 4. नुसताच टाळाटाळ करत राहिला तर त्याला ताकीद मिळते. पुढेही तेच चालू राहिले, तर पंच तीस सेकंद मोजायला लावतात, आणि तेवढ्यात त्याने गुण मिळवला नाही तर समोरच्याला 1. दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती तिथेच थांबते. आणि चीत झाली, तर मागचे सगळे गुण पुसले जातात.

आता एक उदाहरण घेऊ. लाल पोशाखातल्याने निळ्याला एकदा बाहेर ढकलले, 1 गुण. निळ्याने टाळाटाळ केली म्हणून लालला आणखी 1. मग निळ्याने दुहेरी पट काढून ताबा घेतला, 2 गुण. वेळ संपली. फलकावर 2-2. पंचांनी हात उचलला निळ्याचा! गावाकडचा प्रेक्षक लगेच म्हणतो, "पंच फितूर झाला." फितूर कोणी झालेले नाही. गुण सारखे झाले की मोठ्या गुणांचा डाव कुणाचा, हे आधी पाहतात. निळ्याचा डाव 2 गुणांचा, लालचे दोन्ही एकेकाचे. म्हणून निळा. हा नियम ठाऊक असता तर लालच्या वस्तादाने शेवटच्या मिनिटात नुसते सांभाळून राहायला सांगितले नसते.

आपण चित्रवाणीवर कधी मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती पाहतो. एका संध्याकाळी आपल्या हगाम्यासारख्याच दहा-बारा जोड्या लागतात. त्यात ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणे सगळे चालते. तीन पंच बाजूला बसून प्रत्येक फेरीत सरस ठरणाऱ्याला 10 आणि दुसऱ्याला 9 किंवा कमी गुण देतात. तिथे पाठ टेकली म्हणून कोणी हरत नाही. उताणा पडलेला माणूस पायांनी समोरच्याला अडवून धरतो, खालून हात पिरगाळतो. उलट आपला पैलवान सवयीने पोटावर वळला, तर पाठीवर बसलेला त्याचा गळा आवळतो. शरीराची स्थिती तीच, पण एका खेळात ती बचाव आणि दुसऱ्यात घात. म्हणून कोणतीही लढत पाहताना पहिला प्रश्न हा विचारावा: इथे जिंकणे म्हणजे काय?

आता आपल्याच राज्यातल्या काही कुस्त्या या नजरेने पाहू. 1961 पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि दोन्ही विभागांतले विजेते गदेसाठी एकमेकांशी लढतात. 2023 साली ही स्पर्धा एकाहून अधिक वेळा झाली. जानेवारीत पुण्याला कोथरूडमध्ये राजगुरुनगरच्या शिवराज राक्षे यांनी महेंद्र गायकवाड यांना मिनिटाच्या आत चितपट केले. नोव्हेंबरमध्ये आपल्या पुणे जिल्ह्यातच, फुलगावला, तेच शिवराज राक्षे सिकंदर शेख यांच्यापुढे अर्ध्या मिनिटाच्या आत झोळी डावावर चीत झाले. लोक म्हणाले, "नशीब." झोळी नशिबाने बसत नाही. एक हात मानेवरून, दुसरा गुडघ्याच्या मागून घालून दोन्ही हात गुंफायचे, म्हणजे माणूस झोळीत घातल्यासारखा गोळा होतो. त्यासाठी डोके आणि गुडघा जवळ आलेले असावे लागतात. म्हणून झोळीची कुस्ती पाहताना डोके खाली आणि गुडघा वर कधी आला, तो क्षण हेरावा. पुढचे फिरवणे नंतरचे.

त्याच जानेवारीतली माती विभागाची शेवटची कुस्ती महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांची. महेंद्र यांनी बाहेरची टांग लावली, पंचांनी 4 गुण दिले, आणि राज्यभर वाद पेटला. वादाचा मुद्दा काय होता? टांग लागली की नाही, हा नव्हता. पाठ धोक्यात आली की नाही, हा होता. पाठ आणि जमीन यांच्यातला कोन काटकोनापेक्षा कमी झाला, तर धोका मानतात. तसा धोका झाला तर 4, नाही तर नुसता ताब्याचा गुण. शिक्षक बंधुभगिनींनो, हा भूमितीचा प्रश्न आहे. फळ्यावर एक आडवी रेघ आणि तिच्याकडे कलणारी दुसरी रेघ काढली तर सातवीच्या मुलालाही तो कळेल. मात्र अंगणात कोनमापक धरता येतो, पडणाऱ्या माणसाला धरता येत नाही. पंचाला हे एका निमिषात ठरवायचे असते.

आणि 2025 च्या फेब्रुवारीतले अहिल्यानगर. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ यांनी शिवराज राक्षे यांना चीत केल्याचा निकाल पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकले नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे. वाद वाढला आणि त्यांनी पंचांना लाथ मारली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड थोडे सेकंद उरले असताना मैदान सोडून गेले. गदा मोहोळ यांना मिळाली, आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांच्या निलंबनाची कारवाई जाहीर झाली. पैलवानाची भरात असण्याची वर्षे किती? आठ, फार तर दहा. त्यांतली तीन म्हणजे काय, हे तालमीत पोर घातलेल्या बापाला विचारा.

निकाल बरोबर की चूक, हे मी इथे बसून सांगणार नाही. पण नियम काय म्हणतो ते सांगतो. गुणांवर आक्षेप असेल तर प्रशिक्षकाला दाद मागता येते, आणि चित्रीकरण पाहून निर्णय बदलू शकतो. दाद खोटी ठरली तर समोरच्याला 1 गुण जातो. चितीवर मात्र अशी दाद आंतरराष्ट्रीय नियमांत नाही. कारण चीत एकट्या पंचाने द्यायची नसते. गादीवरचा पंच आडवा होऊन खांद्याच्या पातळीवर नजर नेतो. बाजूला बसलेला दुसरा आणि टेबलाशी बसलेला गादीप्रमुख मिळून तिघे असतात, आणि तिघांत दोघांचे एकमत लागते. म्हणजे या तिघांवर किती मोठी जबाबदारी आहे, आणि चितीपूर्वी त्यांनी एकमेकांकडे पाहणे किती जरुरीचे आहे, ते ध्यानात येईल. लांबून घेतलेले चित्र पाहून आपण ठामपणे बोलतो. एका बाजूने खांद्याखाली फट दिसते, दुसऱ्या बाजूने दिसत नाही. म्हणून पंच कोठे होता, हे पाहणेही कुस्ती पाहण्याचाच भाग आहे.

नियम न जाणण्याची किंमत फार जुनी आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडनला गेले, तेव्हा गादीवरची कुस्ती त्यांना नवी होती. तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्याच स्पर्धेत जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर त्यांना लगोलग सोव्हिएत संघाच्या मल्लाशी उभे राहावे लागले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. तो मागून घ्यायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेला माणूस हरला. खाशाबांकडे ताकद होती, डाव होते. नियमाची बाजू मांडणारा माणूस मात्र पाठीशी नव्हता.

तो माणूस आपल्या गावातून तयार व्हायला हवा, आणि हे काम शाळामास्तर करू शकतात. शाळेच्या मैदानावर चुन्याने रिंगण आखावे. दोन मुले लढतील, तीन मुले पंच होतील. एकाच्या मनगटांवर लाल-निळी पट्टी बांधावी, त्याने बोटांनी गुण दाखवावेत, दुसऱ्याने फळ्यावर लिहावेत. निकालानंतर तिघांना कारण विचारावे: चार का दिले, दोन का नाहीत? मुलींचीही जोड लावावी. 2023 साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी तिच्यात विजयी ठरल्या, हे त्यांना सांगावे. आणि 2020 सालची बालेवाडीची गोष्टही सांगावी. एकाच वस्तादाचे, काका पवारांचे, दोन पठ्ठे हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके अंतिम फेरीत लढले. कुस्ती 3-2 अशी निसटती झाली, आणि जिंकलेल्या सदगीरांनी हरलेल्या शेळक्यांना खांद्यावर उचलून घेतले.

यात्रा समितीच्या मंडळींनाही एक विनंती. यंदाच्या हगाम्यात मोठी जोड लागली की ध्वनिक्षेपकावरून इनामाचा आकडा सांगता, त्याच्या आधी तीन वाक्ये सांगा: कुस्ती किती वेळाची, निकाल चितीवर की गुणांवर, आणि बरोबरी झाली तर काय. दोन्ही पैलवान आणि दोन्ही वस्ताद समोर उभे असतानाच सांगा. मग खुशाल हलगी वाजू द्या.