निवृत्त पोलिसगाडीचे टायर

अमेरिकेतील पोलीस दलांची अनेक वर्षे मुख्य गस्तगाडी असलेल्या फोर्डच्या ‘क्राउन व्हिक्टोरिया पोलीस इंटरसेप्टर’चे उत्पादन 2011 मध्ये थांबले आणि सेवेतून काढलेल्या या गाड्या लिलावांतून टॅक्सीचालकांच्या व हौशी खरेदीदारांच्या हाती आल्या. अशा गाडीचे टायर बदलताना नवा मालक बहुधा जुन्या टायरवरचे आकडे उतरवून घेतो आणि तिथेच फसतो, कारण लिलावापूर्वी हाताशी असतील ते टायर चढवून गाडी बाहेर काढलेली असू शकते. भरवशाचा आकडा असतो तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर.

ही पट्टी 2005 पर्यंतच्या गाड्यांत साधारणतः 225/60 आर 16, तर 2006 पासूनच्या गाड्यांत 235/55 आर 17 हे माप दाखवते. भारतातील मोटारींच्या टायरवरही आढळणाऱ्या या लेखनपद्धतीत 225 ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, 60 हे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि 16 हा रिमचा इंचांतील व्यास होय. त्यानुसार पहिल्या टायरचा एकूण व्यास सुमारे 676 आणि दुसऱ्याचा 690 मिलिमीटर भरतो. हा दोन टक्क्यांचा फरक किरकोळ वाटला, तरी स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्यांवरून वेग ठरवत असल्याने 16 इंची गाडीला दुसरा टायर बसवला, तर काटा ताशी 60 मैलांवर असताना ती प्रत्यक्षात 61 मैलांहून थोडी अधिक धावते. त्याच गाडीला 235/60 आर 17 बसवल्यास हाच वेग 63 मैलांच्या पुढे जातो. पाठलागात समोरच्या वाहनाचा वेग मोजता यावा म्हणून या गाड्यांचा स्पीडोमीटर मुद्दाम प्रमाणित केलेला असे, आणि त्याच गाडीत बसून वेगमर्यादा मोडल्याचा दंड भरणे तसे गमतीचेच ठरेल.

रिमची बाब अधिक नाजूक आहे. फोर्डने 2003 मध्ये गाडीची चौकट व पुढचे सस्पेंशन बदलले आणि त्याबरोबर रिमचा ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारा पृष्ठभाग चाकाच्या मध्यरेषेपासून जितका सरकलेला असतो ते अंतर, हाही बदलला. भंगारातून स्वस्तात मिळालेल्या जुन्या रिमची पाच छिद्रे त्याच 114.3 मिलिमीटरच्या वर्तुळावर असल्याने ती बोल्टवर निमूट बसते खरी, परंतु चाक मडगार्डबाहेर डोकावू लागते.

मापापुढील 97 किंवा 98 हा भारांक अनुक्रमे 730 व 750 किलो प्रतिटायर एवढी क्षमता सांगतो आणि त्यात तडजोड नको. वेगवर्गाचे तसे नाही: ‘व्ही’ वर्ग ताशी 240 किलोमीटरसाठी असतो, तर अमेरिकेतील सर्वोच्च कायदेशीर मर्यादा 85 मैल, म्हणजे सुमारे 137 किलोमीटर आहे. म्हणून काही मालक स्वस्त ‘टी’ वर्ग घेतात. मात्र वेगवर्ग टायरची उष्णता सोसण्याची ताकदही दर्शवत असल्याने पट्टीवरील वर्गाखाली न उतरणेच शहाणपणाचे आहे.

डिकीतील पूर्ण मापाच्या स्टेपनीकडे सहसा कोणी पाहत नाही. तिची नक्षी कोरी दिसते, पण बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक 2308 असतील, तर तो टायर 2008 सालच्या 23व्या आठवड्यातला असतो, आणि इतके जुने रबर न वापरताही कडक होऊन तडकते.