पाटी कोणाला मिळाली?

केरी हे गोव्याच्या अगदी उत्तर टोकाचे गाव. एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास तेरेखोलची नदी आणि पैलतीरी किल्ला. २०१२ च्या मार्चपासून या गावातील कितीतरी घरांत संध्याकाळी एक अकरा वर्षांची मुलगी पाहुणी येऊ लागली. तिचे नाव रमा. ‘झी मराठी’ वाहिनीवरील ‘उंच माझा झोका’ या मालिकेची ती नायिका. दिवेलागणी उरकून आमच्या मातोश्री दूरदर्शन संचापुढे बसत, आणि मग घरात कोणी मोठ्याने बोलण्याची सोय नसे.

वीरेन प्रधान यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत धाकटी रमा तेजश्री वालावलकर हिने, मोठेपणीच्या रमाबाई स्पृहा जोशी यांनी आणि न्यायमूर्ती रानडे विक्रम गायकवाड यांनी उभे केले. तिला आधार होता तो रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा. १८७३ च्या डिसेंबरात तिशी ओलांडलेल्या माधवरावांशी अकरा वर्षांच्या रमेचा विवाह झाला. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवरावांना वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवावी लागली. मात्र घरात आलेल्या या बालिकेला त्यांनी स्वतः अक्षरओळख करून दिली. पुढे ती इंग्रजी शिकू लागली, तेव्हा घरच्या स्त्रियांचा रोष वाढत गेला. तो सोसून शिकलेल्या रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात ‘सेवासदन’ उभे केले.

वाड्यातील ती समई, ती पाटी, ती नऊवारी पाहताना एकोणिसाव्या शतकाची अखेर जवळ आल्यासारखी वाटे. परंतु दररोजच्या मालिकेला रोजचा कलह लागतो. मूळ ग्रंथात थोडक्यात आलेले प्रसंग पडद्यावर लांबत जातात, आणि टोमणे मारणाऱ्या स्त्रिया पाहता पाहता खलनायिका होऊन बसतात. आमचे विद्यार्थीही त्यांना ‘दुष्ट बायका’ म्हणूनच ओळखू लागले. मीही वर्गात तसेच सांगत असे, हे कबूल केले पाहिजे.

२०१३ च्या जुलैमध्ये मालिका संपली. मातोश्रींना चुकल्यासारखे होऊ लागले, म्हणून मी मूळ ग्रंथ त्यांना रात्री थोडा थोडा वाचून दाखवू लागलो. त्यांना स्वतःला वाचता येत नसे. त्यांचे बालपण पोर्तुगीज अमदानीतले. आमच्या घराण्यात तेव्हा मुलीला शाळेत धाडण्याची रीत नव्हती. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि पुढे गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तोवर त्या संसाराला लागल्या होत्या. त्या शाळांची पाटी लाभली ती आम्हां मुलांना.

रमेच्या अभ्यासावरून घरात चाललेल्या जाचाचा भाग वाचताना मी त्या स्त्रियांविषयी काही कठोर उद्गार काढले. मातोश्री क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या तरी काय करणार, बाबा? त्यांच्या हाती कधी कोणी पाटी दिली होती का?”

एम.ए. होऊन मला जे दिसले नाही, ते त्या निरक्षर माउलीला दिसले. आपल्याला जे कधी मिळाले नाही ते घरात नव्याने आलेल्या पोरीला मिळताना पाहणे किती जड जात असेल, याचा विचार मालिकेने केला नाही, आणि मीही केला नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गात मी माझे आधीचे बोलणे दुरुस्त केले.

वाचकहो, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मुलांना त्या काळाची पहिली ओळख बहुधा पडद्यावरच होते. ती अवश्य होऊ द्यावी. मात्र मालिका संपल्यावर मूळ पुस्तक घरात आणावे, ते मोठ्याने वाचावे आणि ऐकणाऱ्यांत घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना आधी बसवावे. पुस्तकात नसलेलेही पुष्कळ काही त्यांना ठाऊक असते.