दगड आणि चोच

ओहोटीला खडकावर उकिडव्या बसून लोखंडी अवजाराने कालवे फोडणाऱ्या बायका कोकणात कोणी पाहिल्या नाहीत? पण हे कसब एकट्या माणसाचे नाही. म्यानमार-थायलंडच्या बेटांवरील लांबशेपटी मकाक माकड आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावरही उतरणारा, केशरी चोचीचा ऑयस्टरकॅचर हे दोघेही कवच फोडूनच पोट भरतात. माकडाला आपण हुशार म्हणतो, पक्ष्याचे ते उपजत समजतो. ही वाटणी मला पटत नाही.

आल्फ्रेड कार्पेंटर या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८८७ साली ‘नेचर’मध्ये मेर्गुई बेटांवरील माकडे दगडाने कालवे फोडतात, अशी नोंद केली. शतकभर तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २००४च्या त्सुनामीनंतर थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर संशोधकांना तेच दृश्य पुन्हा दिसले. खडकाला चिकटलेल्या कालवांसाठी लहान दगड, शंख आणि कठीण फळांसाठी मोठा दगड, अशी निवडही माकडे करतात.

पक्ष्याचे हत्यार म्हणजे त्याची चोच. मायकेल नॉर्टन-ग्रिफिथ्स यांनी १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये पाहिले, की काही पक्षी घाव घालून शिंपला फोडतात, तर काही उघड्या फटीत चोच खुपसून तो मिटणारा स्नायू कापतात. घाव घालणाऱ्याची चोच बोथट होते, चिखलातले किडे शोधणाऱ्याची टोकदार. चोच सतत वाढत असल्याने अन्न बदलले की तिचा आकारही बदलतो. बहुतेक किनारी पक्ष्यांची पिले जन्मतःच स्वतः टिपून खातात; या पक्ष्याची पिले मात्र आईबाप भरवतात, आणि त्या सहवासात शिकतात.

फरक आहे तो मागे काय उरते याचा. पक्ष्याबरोबर त्याची चोच जाते. माकडाचा दगड किनाऱ्यावर राहतो. थायलंडमध्ये अशा दगडांचे उत्खननही झाले आहे. पण नुसता दगड उरून विद्या टिकत नाही. थायलंडच्या आखातातील कोराम बेटावर माकडे जास्त आहेत; तिथले शिंपले शेजारच्या बेटापेक्षा लहान, म्हणून हाती धरलेले दगडही लहान. शिंपले आणखी घटले, तर पिलाने कोणाकडे पाहून काय शिकावे? युरोपात १९९०च्या सुमारास माणसांनी शिंपले बेसुमार काढले, तेव्हा वाडन समुद्राच्या काठी हेच पक्षी उपासमारीने मेले.

विद्या दगडात नसते, चोचीतही नसते. ती असते वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसण्यात, आणि भरलेल्या किनाऱ्यात. दोन्हींपैकी एक गेले, की दुसऱ्याला अर्थ उरत नाही.